नाताळचीं गाणीं आणि घराची ओढ

डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा आला कीं ख्रिस्ती जगाच्या फार मोठ्या भागांत तींच तीं ठराविक गाणीं ऐकूं येऊं लागतात. चर्चमध्यें, दुकानांत, आगगाडीच्या स्थानकांवर आणि घरोघरच्या रेडिओवर तीं महिनाभर आळीपाळीनें फिरत असतात. ज्या सणाला पोर्तुगीज भाषेंतील ‘नाताल’ या शब्दावरून मराठींत नाताळ हें नांव पडलें, तो मुळांत जन्मोत्सव आहे. जन्मोत्सवाच्या गाण्यांत हर्ष असावा, पाळणा असावा, हें ओघानेंच आलें. रामनवमीच्या कीर्तनांत पाळणा ऐकलेल्या मराठी माणसाला त्यांत कांहीं नवल वाटणार नाहीं. नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. नाताळच्या गाण्यांपैकीं जीं लोकांच्या अंतःकरणांत सर्वांत खोल जाऊन बसलीं आहेत, तीं बहुधा मंद लयीचीं, हलक्या आवाजांत म्हणावयाचीं आणि दूर राहिलेल्या कशाची तरी आठवण करून देणारीं आहेत. सणाला घरीं बसलेल्या माणसापेक्षां सणाला घरीं पोहोंचूं न शकलेल्या माणसाचींच तीं अधिक आहेत, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

खळाळत्या आनंदाचीं गाणींही आहेतच. त्यांतलें सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘जिंगल बेल्स’. घोड्याच्या सामानाला बांधलेल्या घुंगरांच्या तालावर धांवणारें हें गाणें जेम्स लॉर्ड पिअरपाँट या अमेरिकन संगीतकारानें १८५७ सालीं प्रसिद्ध केलें. गंमत अशी कीं, त्यांत नाताळचा उल्लेखच नाहीं; बर्फावरून घसरगाडी पळविणाऱ्या तरुणांची ती मौज आहे. मुलांना तें आवडतें, मोठीं माणसें त्याला टाळी देतात, आणि संपलें कीं विसरून जातात. ‘सायलेंट नाइट’चें तसें होत नाहीं.

‘श्टिले नाख्ट’, म्हणजे निवांत रात्र, हें त्या गाण्याचें मूळ जर्मन नांव. त्याचा जन्म राजवाड्यांत झाला नाहीं कीं मोठ्या संगीतशाळेंत झाला नाहीं. साल्झबुर्गजवळ साल्झाख नदीच्या कांठीं ओबेर्नडोर्फ नांवाचें गांव आहे. मिठाची वाहतूक करणाऱ्या नावाड्यांची ती वस्ती. नेपोलियनचीं युद्धें संपल्यावर १८१६ सालीं साल्झबुर्गचा प्रदेश ऑस्ट्रियाकडे गेला आणि साल्झाख नदी ही सरहद्द ठरली. पलीकडच्या तीरावरील लाउफेन या आपल्या मूळ गांवापासून ओबेर्नडोर्फ एकाएकीं तुटलें. त्याच वर्षीं युरोपांत उन्हाळा असा आलाच नाहीं. १८१५ सालीं पूर्वेकडील सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. त्याच्या धुरळ्यानें आणि वायूंनीं सूर्याचें तेज मंदावलें, पिकें बुडालीं, धान्य कडाडलें. अशा त्या वर्षांत मारियाप्फार या डोंगराळ खेड्यांत योझेफ मोर या तरुण धर्मोपदेशकानें सहा कडव्यांची एक कविता लिहिली. मोर हा विणकामावर पोट भरणाऱ्या एका अविवाहित बाईचा मुलगा. बाप सैन्यांतून पळून गेलेला शिपाई. घर या शब्दाचा अर्थ त्याला कोणीं शिकवावयास नको होता.

पुढें मोरची बदली ओबेर्नडोर्फला झाली. २४ डिसेंबर १८१८ रोजीं त्यानें ती कविता शेजारच्या आर्न्सडोर्फ गांवचे शाळामास्तर फ्रान्झ क्साव्हर ग्रूबर यांच्या हातीं दिली आणि दोन आवाज, कांहीं साथीदार व गिटार यांना साजेल अशी चाल मागितली. त्याच दिवशीं चाल बांधून झाली, त्याच रात्रीं ती चर्चमध्यें गायिली गेली. मोर गिटार वाजवीत वरच्या पट्टींत गात होता, ग्रूबर खालच्या. चर्चचा ऑर्गन उंदरांनीं कुरतडला होता म्हणून गिटार घ्यावी लागली, अशी एक गोष्ट पुष्कळ पुस्तकांत मोठ्या आवडीनें सांगितलेली आढळते. गोष्ट गोड आहे, परंतु मागाहून रचलेली आहे. ग्रूबरनें १८५४ सालीं स्वतः लिहून दिलेल्या हकीकतींत उंदरांना कोठेंही स्थान नाहीं.

ही हकीकत लिहून देण्याची वेळ त्याच्यावर कां आली, हेंही पाहण्यासारखें आहे. ऑर्गन बांधणाऱ्या एका कारागिराबरोबर हें गाणें टिरोलमधील झिलरटाल खोऱ्यांत गेलें. तेथील श्ट्रासर आणि राइनर हीं कुटुंबें गांवोगांव फिरून गात असत. त्यांच्या तोंडून तें १८३० च्या सुमारास लाइपझिगला पोहोंचलें आणि १८३९ सालीं न्यूयॉर्कला. गाणें सर्वांच्या ओठीं बसलें आणि कर्ते मात्र विस्मृतींत गेले. इतकी सुरेख चाल एखाद्या खेड्यांतल्या मास्तराची असेल हें कोणाला खरेंच वाटेना, म्हणून ती हायडन बंधूंपैकीं कोणा एकाची असावी असें लोक म्हणूं लागले. शेवटीं बर्लिनच्या दरबारी संगीतमंडळाकडून चौकशी झाली तेव्हां ग्रूबरनें ती खुलाशाची टांचणी लिहिली. मोर तोंपर्यंत हयात नव्हता. १८४८ सालीं तो निर्धन अवस्थेंत वारला होता. त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरांतील एक प्रत १९९५ सालीं उजेडांत आली आणि कविता १८१८ ची नसून १८१६ ची आहे, हें तेव्हांच जगाला कळलें.

या चालींत असें आहे तरी काय? दादरा ऐकलेल्या कानाला ती परकी वाटणार नाहीं. सहा मात्रांची झुलती लय, पाळण्याच्या हेलकाव्यासारखी. स्वरांच्या उड्या थोड्या आणि सोप्या. वरचा व खालचा आवाज ठराविक अंतर राखून एकमेकांच्या हातांत हात घालून चालल्यासारखे. शेवटच्या ओळींत तेवढा स्वर एकदां उंच चढतो आणि सावकाश खालीं उतरून स्थिर होतो. शिकलेल्या गवयाला त्यांत करामत दाखविण्यास जागाच नाहीं, आणि न शिकलेल्या माणसाला अडखळण्यासारखें कांहीं नाहीं. सबंध गांवानें एकत्र म्हणावें असें गाणें बांधणें हें वाटतें तितकें सोपें नसतें.

मूळ सहा कडव्यांपैकीं आज बहुतेक ठिकाणीं तीनच म्हणतात. जीं गळालीं त्यांत एक कडवें असें आहे कीं, त्यांत जगांतील सर्व राष्ट्रांना बंधुभावानें कवटाळल्याची कल्पना आहे. पंचवीस वर्षांच्या लढायांनंतर आणि दुष्काळाच्या तोंडावर लिहिलेल्या कवितेंत ती ओळ सहज आलेली नाहीं. शांततेचें हें गीत मुळांत फार अशांत काळाचें आहे. म्हणूनच कीं काय, त्याची सर्वांत प्रसिद्ध मैफल रणांगणावर झाली. २४ डिसेंबर १९१४ च्या रात्रीं फ्लँडर्समध्यें जर्मन सैनिकांनीं आपल्या खंदकांच्या कांठावर मेणबत्त्या लावलेलीं लहान झाडें मांडलीं आणि नाताळचीं गाणीं म्हणावयास सुरुवात केली. ‘श्टिले नाख्ट’ त्यांत होतें. समोरच्या ब्रिटिश खंदकांतून इंग्रजी गाण्यांनीं उत्तर गेलें. दुसऱ्या दिवशीं आघाडीच्या कित्येक भागांत दोन्हीं बाजूंचे शिपाई बाहेर आले, त्यांनीं हस्तांदोलन केलें, तंबाखू वांटली, आपापले मृत पुरले. भाषा निराळी, पण चाल ओळखीची, एवढ्यावरच तें झालें. पुढच्या वर्षीं असें कांहीं होऊं नये म्हणून वरिष्ठांनीं सक्त हुकूम काढले. एखाद्या गाण्याला सेनापतीनें भ्यावें, हा त्या गाण्याचा मोठाच गौरव म्हटला पाहिजे.

त्याच महायुद्धानें इंग्लंडमध्यें आणखी एका प्रथेला जन्म दिला, आणि ती रेडिओमुळें जगभर पसरली. एरिक मिल्नर-व्हाइट हे सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून राहून परत आले आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत डीन झाले. युद्ध पाहून आलेल्या माणसांना नेहमींची प्रार्थना पुरी पडणार नाहीं, असें त्यांना वाटलें. ट्रूरो येथें १८८० सालीं सुरूं झालेल्या एका उपासनाक्रमाच्या आधारें त्यांनीं नऊ पाठ आणि त्यांच्यामध्यें गाणीं अशी योजना केली, व १९१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं ती प्रथम अमलांत आणली. दुसऱ्या वर्षापासून आरंभाचें गाणें ठरून गेलें. त्याचें पहिलें कडवें एकटा लहान मुलगा, साथीशिवाय, म्हणतो. अंधारूं लागलेल्या त्या उंच मंदिरांत मोठ्या समूहाऐवजीं एकच कोंवळा स्वर प्रथम उमटावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला नाताळच्या गाण्याचें मर्म कळलें होतें. १९२८ सालापासून हा कार्यक्रम रेडिओवरून ऐकविला जातो. फक्त १९३० सालीं खंड पडला. दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या भीतीनें तेथील रंगीत कांचा काढून ठेवल्या होत्या, थंडी आंत शिरत होती, आणि शत्रूला ठिकाण कळूं नये म्हणून निवेदक कॉलेजचें नांवही उच्चारीत नसे. तरी गाणें थांबलें नाहीं. श्रोत्यांना जागा नांवाविनाही ओळखूं येत असेलच. त्या मुलाचा स्वर तर लपविण्यासारखा नव्हता.

आतां ज्या गाण्यामुळें ही विरहाची बाजू अगदीं उघड झाली, त्याकडे वळावें. तें म्हणजे ‘व्हाइट ख्रिसमस’. त्याचा कर्ता अर्व्हिंग बर्लिन हा ख्रिस्ती नव्हता. १८८८ सालीं रशियन साम्राज्यांतल्या एका ज्यू कुटुंबांत तो जन्मला आणि पांच वर्षांचा असतां आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला. बाप लवकर गेला, शाळा सुटली. खानावळींत गात गात वाढप करण्यापासून त्यानें सुरुवात केली. त्याला स्वरलेखन शेवटपर्यंत आलें नाहीं. पियानोच्या बहुधा काळ्या पट्ट्यांवरच त्याचा हात चाले. दुसरी पट्टी हवी असली कीं पियानोला खास बसवून घेतलेला एक दांडा तो फिरवी. चाल सुचली कीं ती लिहून घेण्यास दुसरा माणूस लागे. अशा माणसानें अमेरिकेच्या घराघरांतील भावना नेमकी पकडावी यांत विसंगति दिसते, परंतु ती वरवरची आहे. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या मुलाला आंतली मेजवानी जितकी स्पष्ट दिसते तितकी ती आंत बसलेल्यांना दिसत नाहीं.

आणि त्याच्या स्वतःच्या आयुष्यांत नाताळचा दिवस काळा झालेला होता. १९२८ सालच्या २५ डिसेंबरला त्याचा महिन्याचाही न झालेला मुलगा वारला. त्यानंतर वर्षानुवर्षें तो आणि त्याची पत्नी त्या दिवशीं मुलाच्या थडग्याकडे जात. या दुःखाचा गाण्यांत उल्लेख नाहीं. ओढूनताणून तो कोणीं शोधूंही नये. परंतु सणाचें गाणें लिहितांना या माणसानें हर्षाचा सूर न लावतां आठवणीचा लावला, एवढें तर ऐकणाऱ्याला दिसतेंच.

१९४० च्या सुमारास लिहिलेल्या या गाण्याला आरंभीं एक प्रास्ताविक कडवें होतें. त्यांत कॅलिफोर्नियांतला एक माणूस ऊन, हिरवळ आणि ताडामाडांच्या सहवासांत बसून उत्तरेकडच्या हिमाची आठवण काढतो. पुढें बर्लिननेंच तें कडवें गाळावयास लावलें, आणि गाण्याचें भाग्य उजळलें. ताडाचीं झाडें गेलीं, ऊन गेलें, माणसाचा पत्ता गेला. शिल्लक राहिलें तें केवळ एक स्वप्न, आणि तें कोणींही आपलें म्हणावें असें. त्याची पहिली ओळ पेटीच्या लगतच्या पट्ट्यांवरून, अर्ध्या अर्ध्या स्वरानें, जपून पाऊल टाकल्यासारखी सरकते. बिंग क्रॉस्बी या गायकानें तें रेडिओवर प्रथम म्हटलें २५ डिसेंबर १९४१ रोजीं. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. २९ मे १९४२ रोजीं ध्वनिमुद्रण झालें, ऑगस्टमध्यें ‘हॉलिडे इन’ हा बोलपट आला. बोलपटांतील दुसरेंच एक प्रेमगीत गाजेल असा धंद्यांतल्या लोकांचा अंदाज होता. ऑक्टोबर संपतां संपतां ‘व्हाइट ख्रिसमस’ खपाच्या यादींत सर्वांच्या वर गेलें आणि अकरा आठवडे तेथून हाललें नाहीं. ध्वनिमुद्रणाचा मूळ सांचा प्रती काढून काढून इतका झिजला कीं १९४७ सालीं तेच वादक, तोच गायक आणून गाणें पुन्हां मुद्रित करावें लागलें. आज जें सर्वत्र ऐकूं येतें तें बहुधा हें दुसरें मुद्रण. क्रॉस्बीच्या या तबकडीचा खप पांच कोटींच्या घरांत गेल्याचें मानतात.

हें यश जाहिरातीचें नव्हतें. १९४२ च्या नाताळला लक्षावधि अमेरिकन तरुण प्रथमच समुद्रापार होते; कोणी उत्तर आफ्रिकेंत, कोणी पॅसिफिकमधल्या बेटांवर. गाण्यांतून गाळलेले ताडमाड त्यांच्या डोळ्यांपुढें प्रत्यक्ष उभे होते. गाण्यांत युद्धाचा शब्द नाहीं, शत्रूचा नाहीं, विजयाचा नाहीं. सैन्यासाठीं चालविलेल्या रेडिओकडे त्याच्याच मागणीचीं पत्रें येत राहिलीं. क्रॉस्बी छावण्यांतून गाण्यासाठीं हिंडला तेव्हां हें गाणें घेण्यास तो कचरत असे. त्यानें माणसें उदास होत, आणि इतक्या लांब आपण त्यांना उदास करण्यासाठीं आलों नाहीं, असें तो म्हणे. पण तो तें टाळूं लागला कीं शिपाई ओरडून तेंच मागत.

माणसाचा धीर या गाण्यांनीं खचतो कीं सांवरतो, हा प्रश्न त्या काळीं अधिकाऱ्यांनाही पडला होता. १९४३ सालीं निघालेलें ‘आय विल बी होम फॉर ख्रिसमस’ हें गाणें घरीं येण्याचें वचन देणाऱ्या शिपायाच्या तोंडीं आहे. अखेरीस तो कबूल करतो कीं हें येणें कदाचित् स्वप्नांतलेंच असेल. भावविवश गाणीं युद्धकाळांत नकोत असें ब्रिटिश ब्रॉडकास्टिंगचें धोरण होतें, आणि त्या धोरणाखालीं हें गाणें लावण्यास तेथें मनाई झाली. धोरण सद्हेतूचें असेल, पण तें माणसाच्या स्वभावाला सोडून होतें. घराची आठवण गाण्यानें उत्पन्न होत नसते; ती असतेच, गाणें तिला फक्त बोलावयास शब्द देतें. माहेरच्या ओव्या ऐकल्या म्हणून कोणी सासुरवाशीण संसार टाकून गेली नाहीं. जात्याभोंवतीं बसून चार ओव्या म्हटल्यावर पुढलें दळण झेपतें, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या शिपायांचें ओरडणें समजावून सांगावें लागणार नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १९४४ मध्यें, ‘मीट मी इन सेंट लुइस’ या बोलपटांत जूडी गार्लंडनें ‘हॅव युवरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस’ म्हटलें. राहतें गांव सोडून जावें लागणार म्हणून रडवेल्या झालेल्या धाकट्या बहिणीची समजूत थोरली बहीण घालते, असा तो प्रसंग. पहिला मसुदा इतका खिन्न होता कीं तो त्या लहान मुलीपुढें म्हणण्यास गार्लंडनें नकार दिला, तेव्हां कवीनें तो सौम्य केला. तरीही त्यांत, दिवस बदलेपर्यंत कसेंबसें निभावून न्यावें लागेल, या अर्थाची एक ओळ राहिली. १९५७ सालीं फ्रँक सिनाट्राला ती ओळ उदास वाटली आणि त्याच्या सांगण्यावरून तिच्या जागीं झाडावर तारा टांगण्याची ओळ आली. दोन्हीं पाठ आज प्रचारांत आहेत. जुना पाठ अधिक चांगला आहे. तारा कोणत्याही गाण्यांत टांगतां येतो.

या गाण्यांच्या सामर्थ्याचें आणखी एक साधें कारण आहे. इतर लोकप्रिय गाणीं वर्षभर कानांवर पडून गुळगुळीत होतात. हीं गाणीं अकरा महिने पेटींत ठेवलेल्या जरीच्या वस्त्रासारखीं बंद असतात. तीं बाहेर काढलीं कीं गेल्या वर्षाचा, दहा वर्षांपूर्वींचा वास त्यांना येतो; ज्या खोलींत तीं ऐकलीं ती खोली, आणि त्या खोलींत बसलेलीं पण आतां नसलेलीं माणसें, हीं सारीं बरोबर येतात. म्हणून तेंच गाणें आठ वर्षांच्या मुलाला एक आणि साठ वर्षांच्या आजीला अगदीं दुसरें ऐकूं येतें. शब्दांत वर्णन असतें हिमाचें, परंतु ऐकणारा आठवतो तें आपलें घर. हिमाची खरी गरज तर लिहिणाऱ्यालाही नसते: नॅट किंग कोलच्या आवाजानें १९४६ पासून घरोघर पोहोंचलेलें ‘द ख्रिसमस साँग’ हें शेगडीचें आणि गारठ्याचें गाणें मेल टॉर्मे व बॉब वेल्स या दोघांनीं कॅलिफोर्नियांतल्या भर उकाड्यांत, मनाला थोडा गारवा वाटावा म्हणून लिहिलें होतें.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत म्हणूनच हीं पाश्चात्य गाणीं सहज सामावलीं, मुंबईच्या किंवा अहमदनगरच्या डिसेंबरांत हिमाचा कणही पडत नसला तरी. त्यांच्याजवळ स्वतःचा ठेवाही आहे. पूर्वीं मराठी चर्चमधून बऱ्याच अंशीं इंग्रजी गीतांचीं भाषांतरें इंग्रजी चालींवर म्हणत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं अभंग, ओवी आणि पदें यांच्या घाटांत ख्रिस्तभक्ति ओतली, कीर्तन चर्चमध्यें आणलें, आणि उपासनेला आपल्या मातीचा सूर दिला. अशा घरांतून टाळांचें भजन आणि ग्रूबरची चाल एकाच संध्याकाळीं ऐकूं येते, आणि म्हणणाऱ्यांना त्यांत विसंगत कांहीं वाटत नाहीं.

उष्ण देशांतील ‘व्हाइट ख्रिसमस’ची एक हकीकत मात्र या सर्वांहून चमत्कारिक आहे. १९७५ च्या एप्रिलमध्यें व्हिएतनाममधील सायगांव शहर पडण्याच्या बेतांत होतें. तेथील अमेरिकनांना शहर सोडण्याची वेळ कळविण्यासाठीं सैन्याच्या रेडिओवरून एक खूण ठरविण्यांत आली: उष्णमान १०५ अंश असून चढत आहे, असें निवेदक सांगेल आणि लगेच ‘व्हाइट ख्रिसमस’ लागेल. ऐन उन्हाळ्यांत दुसरें कोणतेंही गाणें चुकून लागूं शकेल, हें लागणार नाहीं, असा त्यांत हिशेब होता. २९ एप्रिल रोजीं तें लागलें, आणि हेलिकॉप्टरांच्या फेऱ्या सुरूं झाल्या. त्या आधींच्या दिवसांतली गोष्ट अशी सांगतात कीं, शहरांतील जपानी बातमीदारांना ही खूण कळली होती, परंतु गाण्याची चाल त्यांच्या परिचयाची नव्हती. तेव्हां ती ओळखतां यावी म्हणून एका सहकाऱ्यानें त्यांना तें हिमाचें गाणें एप्रिलच्या त्या उकाड्यांत म्हणून दाखविलें.